मथूआत्यांचे डोळे

“आत्या, डोळे उघड!”

“उघडेच आहेत.”

“मिटलेत. मला काचेत दिसतंय ना इथं.”

“तुझ्या त्या काचेत मी मुंगीएवढी दिसत असणार. त्यात डोळे कुठले दिसायला? काढ तू, काढ.”

ह्यांनी खटका दाबला. टक् झालं. मी बाजूला उभी होते. टक् व्हायच्या जरासं आधी मथूआत्यांच्या पापण्या थरथरल्या आणि दोन्ही डोळे घट्ट मिटले, ते मी स्पष्ट पाहिलं.

“झालं?” त्यांनी विचारलं. डोळे अजून मिटलेलेच.

“वाया गेला,” हे म्हणाले. “तिसरा.”

ही १९५८ सालची गोष्ट. आता मी अठ्ठ्याऐंशीची आहे, तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि लग्नाला दीड वर्ष झालं होतं. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. कालव्याकाठच्या एका लहान गावात आमचं बिऱ्हाड होतं आणि घरात आम्ही तिघंच. ह्यांची आई फार लवकर गेली. सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेल्या आत्यानं ह्यांना वाढवलं. त्यामुळे सासूबाई म्हणून मला मिळाल्या त्या मथूआत्याच. ह्यांना ‘दिगू’ म्हणणारं त्यांच्याशिवाय जगात कुणी उरलं नव्हतं.

कॅमेरा ह्यांनी पुण्याहून आणला होता. काळा, चौकोनी, विटेहून थोडा मोठा डबा. पुढे भिंग आणि वर एक इवलीशी काच. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान वाकवून त्या काचेत बघायचं. सोबत इंग्रजी माहितीपत्रक होतं. ह्यांनी ते दोनदा वाचलं आणि मग मराठीत एका वहीत उतरवलं, म्हणजे हे सांगत गेले आणि मी लिहीत गेले. सोळा नियम झाले. पहिला नियम, सूर्य नेहमी फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा. चौथा, सावलीत फोटो काढू नये. नववा, खटक्याशेजारची खिट्टी वर ओढू नये; ओढल्यास खटक्यावर बोट असेपर्यंत भिंगाचं झाकण उघडंच राहतं आणि फोटो बिघडतो. सिमेंट आणि वाळूचं प्रमाण हे ज्या निष्ठेनं पाळत, त्याच निष्ठेनं हे सोळा नियमही पाळायचे होते.

कॅमेरा घरात आला त्या संध्याकाळी मथूआत्यांनी तो हातात घेऊन वजन केल्यासारखा खालीवर केला आणि म्हणाल्या, “दिगू, माझा एक काढ. डोळे उघडे असताना.”

“मग काय झोपेत काढणार आहे?” हे हसले.

त्या हसल्या नाहीत. “वैशाखाच्या आत काढ,” एवढंच म्हणाल्या.

वैशाखात त्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं होतं. त्यानंतर जाड भिंगांचा चष्मा कायमचा लागणार होता. मला वाटलं, त्यासाठीच म्हणत असतील.

म्हणून चैत्रातल्या एका रविवारी आम्ही तिघं कालव्याच्या काठाकाठानं बंधाऱ्यापर्यंत चालत गेलो. पांगाऱ्याला एकही पान नव्हतं, नुसती लाल फुलं. करंजांना नवी पालवी इतकी कोवळी आली होती, की ती ओली आहे असं वाटायचं. डब्यात दशम्या आणि आंब्याची डाळ होती आणि कळशीत पन्हं. सर्वांत पुढे मथूआत्या. त्यांना नीट दिसत नव्हतं तरी चालण्यात त्या आम्हाला ऐकत नव्हत्या.

ह्यांनी वही काखेत धरली होती. प्रत्येक फोटोआधी थांबायचं, सूर्य बघायचा, वही उघडायची. मला पांगाऱ्याखाली उभं केलं आणि हातात फांदी दिली, कारण सातव्या नियमानुसार फोटोतल्या माणसाचे हात रिकामे असू नयेत. त्या फोटोत मी फांदीनं कुणाला तरी मारायला निघाल्यासारखी दिसते.

“ती पोथी वाचल्याशिवाय हल्ली शिंकही येत नाही तुला,” मथूआत्या म्हणाल्या.

“आत्या, रोलमध्ये फोटो बाराच असतात. चुकून चालत नाही.”

“मग माझे तीन कशाला घालवलेस?”

“मी घालवले? डोळे कुणी मिटले?”

“अरे, तू मला सूर्याकडे तोंड करून उभी करतोस. या डोळ्यांत ऊन गेलं की सुई टोचल्यासारखं होतं.”

“पण सूर्य माझ्या पाठीशीच हवा,” हे म्हणाले. “त्याला इलाज नाही.”

दुपारपर्यंत अकरा फोटो झाले. बारावा ह्यांनी राखून ठेवला होता, बंधाऱ्याचा. त्याच्या पाणी सोडायच्या नव्या मोऱ्या त्याच वर्षी ह्यांच्या देखरेखीखाली पुऱ्या झाल्या होत्या. चारनंतर ऊन बरोबर समोरून त्यांच्यावर पडतं, हे ह्यांनी आदल्या आठवड्यात येऊन बघून ठेवलं होतं. तो फोटो मोठ्या साहेबांना दाखवायचा होता.

आमराईत जेवणं झाली. हे उपरण्यावर आडवे झाले, तोंडावर रुमाल टाकला. “चारला उठव,” म्हणाले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले.

मथूआत्या वाऱ्यानं पडलेल्या बारक्या कैऱ्या पदरात वेचत होत्या. एक कैरी मला द्यायला वळल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं. इथं गर्द सावलीत त्यांचे डोळे चांगले टपोरे उघडे होते. दीड वर्ष मी त्यांच्याबरोबर एका घरात राहत होते, पण त्यांचे डोळे इतके मोठे आहेत हे मला माहीत नव्हतं.

“आत्याबाई, इथं बरे उघडतात तुमचे डोळे.”

“इथं कुणी तोंडावर ऊन ओतत नाहीये ना.”

“एवढं काय आहे हो त्या डोळ्यांचं? मिटलेले आले तरी फोटो तुमचाच असणार की.”

त्या माझ्याशेजारी खाली बसल्या. ह्यांच्याकडे बघून घेतलं. रुमाल संथ खालीवर होत होता.

“माझ्या खोलीतला त्यांचा फोटो बघितलायस ना?”

तो मी रोजच बघत होते. त्यांच्या ट्रंकेवरच्या भिंतीला टांगलेला. खुर्चीत बसलेला तरुण माणूस, डोक्याला पगडी, गळ्यात हार आणि डोळे सरळ समोर. खोलीत कुठंही उभं राहा, तो आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं. मथूआत्या तो फोटो रोज पुसायच्या, पण पुसताना मान दुसरीकडे असायची. मी समजत होते, जुन्या बायकांची लाज.

“तो ते गेल्यावर काढलाय,” त्या म्हणाल्या.

“गेल्यावर?”

“तसंच असायचं तेव्हा. जिवंत माणसाचा फोटो काढायचं कुणाच्या मनात यायचं? गेल्यावर मात्र आठवण म्हणून फोटोवाला बोलवायचे. पाठीला फळी लावून खुर्चीत बसवलं होतं त्यांना. विषमज्वर होता, एकवीस दिवसांत गेले. आठ दिवसांनी फोटोवाला फोटो घेऊन आला, तर डोळे उघडे! त्यानं कुंचल्यानं काढले होते वरून. तशीच पद्धत होती. मामंजींनी फोटो छातीशी धरला. म्हणाले, अगदी जिवंत वाटतोय. सगळं घर रडलं. मी मेली नुसती बघत राहिले. त्यांचे डोळे घारे होते गं शालन. हसले की डावा जरासा बारीक व्हायचा. हे आपले काळे कुळकुळीत, दोन्ही एकसारखे. कुणाचे तरी.”

“मग तुम्ही बोलला नाहीत?”

“कुणाला बोलू? सतरा वर्षांची सून. ती काय म्हणणार, मामंजी, डोळे चुकलेत?”

त्यांनी पदरातली एक कैरी उचलली, नखानं तिचा देठ काढला.

“पहिली काही वर्षं मी रोज त्यांचे डोळे आठवून बघायची. मग काय झालं कुणास ठाऊक. आठवायला गेलं की हेच यायला लागले. आता खरे आठवतच नाहीत. चाळीस वर्षं झाली, मी दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे पुसतेय.”



“मी गेले की दिगूही तेच करेल,” त्या म्हणाल्या. “प्रेमानं करेल. चांगला फोटोवाला शोधून करेल. म्हणून म्हटलं, माझे आहेत तोवर एक निघू दे.”

कॅमेरा ह्यांच्या उशाशी होता. मागच्या लाल काचेच्या छोट्या खिडकीत बाराचा आकडा दिसत होता. मी तो उचलला.

“आत्याबाई, खोडाला टेकून बसा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. “तो बंधाऱ्याचा आहे ना?”

“हो.”

“दिगू चिडेल.”

“चिडतील.”

“आणि तुझ्या त्या वहीत सावली चालत नाही म्हणे.”

“खिट्टी ओढली तर चालत असणार. फोटो बिघडतो तो जास्त उजेड आत जातो म्हणून. इथं उजेडच कमी आहे.”

हे मी बोलले खरं, पण माझं मलाच आश्चर्य वाटलं. लिहिताना मी नियमांचा विचार करत होते, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

एका दगडावर जेवणाचा डबा ठेवला, त्यावर कॅमेरा. वाकून काचेत बघितलं. उलटसुलट आंब्याची पानं आणि मध्ये मुंगीएवढ्या मथूआत्या. मी खिट्टी वर ओढली.

“हलू नका हं. मी दोन म्हणेपर्यंत.”

“चाळीस वर्षं हलले नाहीये मी. तू मोज.”

मी खटका दाबून धरला. “एक…” तेवढ्यात वारा आला. फांद्या हलल्या, त्यांचा पदर उडाला, मांडीवरच्या दोन कैऱ्या घरंगळल्या. त्यांनी हात लावला नाही. पापणीही लवली नाही. “…दोन.”

बोट काढलं. खिट्टी खाली केली. आणि मग माझ्या लक्षात आलं, की खरी गोष्ट अजून पुढेच आहे.

खिडकीत बाराचा आकडा तसाच होता. रोल पुढे सरकवायची चावी फिरवली नाही, तर हे उठून बंधाऱ्याचा फोटो त्याच जागेवर काढतील. ह्यांना काही कळणार नाही, मला बोलणी बसणार नाहीत, आणि आत्याबाईंच्या चेहऱ्यावरून सगळ्या मोऱ्यांचं पाणी वाहून जाईल. ह्यांच्याशी खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं काही न करता बसायचं होतं.

मी चावी फिरवली. बारा हळूहळू सरकला, दिसेनासा झाला, आणि नुसती लाल काच उरली.

चारला हे उठले. तोंड धुतलं, कॅमेरा घेतला, सवयीनं उलटा करून बघितला.

“बारा कुठं गेला?”

“मी काढला.”

“कशाचा?”

“आत्याबाईंचा.”

“कुठं?”

“इथंच.”

ह्यांनी वर झाडाकडे बघितलं. “सावलीत?” मग जरा थांबून, “खिट्टी?”

“ओढली.”

“तिला मी सांगितलं होतं,” मथूआत्या ठणकावून म्हणाल्या. “म्हटलं, ओढ ती खिट्टी.”

“आत्या, खिट्टी कुठं असते ते तरी ठाऊक आहे का तुला?”

मथूआत्या पदरातल्या कैऱ्या चाचपायला लागल्या. ह्यांनी वही उचलून काखेत धरली. ओरडले असते तर बरं झालं असतं. कॅमेरा माझ्या हातात देऊन ते बंधाऱ्यापर्यंत एकटेच गेले आणि पाठीमागे हात बांधून बघत उभे राहिले. ऊन अगदी त्यांनी सांगितल्याप्रमाणे समोरून मोऱ्यांवर पडलं होतं आणि पाणी झळाळत होतं.

पुढचे आठ-दहा दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. “वाढ” आणि “पुरे”. त्या दिवसांत मी पुष्कळदा ठरवलं, की कॅमेऱ्याला पुन्हा हात लावायचा नाही.

मग एका दुपारी हे तालुक्याच्या फोटोवाल्याकडून पाकीट घेऊन आले आणि काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. चेहरा हसरा होता. पाकिटात अकरा फोटो होते.

“बारावा?” मी विचारलं.

“त्याची कॉपी काढलीच नाही त्यानं. निगेटिव्ह काळीठिक्कर झालीय आणि हललीय म्हणाला.” पण ते टोचून बोलले नाहीत. त्यांना घाई होती. “आत्या, बाहेर ये. तुझी हौस राहायला नको म्हणून बघ काय आणलंय.”

कागद सोडला. आत मोठ्या चौकटीत मथूआत्या होत्या. कालव्याकाठी उन्हात उभ्या असलेल्या, त्या तिसऱ्या फोटोतल्या. आणि डोळे सताड उघडे. काळे कुळकुळीत, दोन्ही एकसारखे.

“मिटलेले होते,” हे कौतुकानं म्हणाले. “त्यानं करून दिले. ओळखूसुद्धा येत नाही की नाही?”

मथूआत्यांनी फोटो नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग तो अलगद ह्यांच्या हातात परत दिला.

“छान आहे हो,” त्या म्हणाल्या. “चौकट पण चांगली आहे.”

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि सकाळीच निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा सुपात घेऊन बसल्या.

“आवडला नाही का तिला?” ह्यांनी मला हळूच विचारलं. हातातली चौकट कुठं ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं.

तेव्हा मी ह्यांना सगळं सांगितलं. फळी, कुंचला, घारे डोळे, सगळं. लग्न झाल्यापासून ह्यांच्याशी मी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते.  संपल्यावर हे उठले, मथूआत्यांच्या खोलीत गेले आणि ट्रंकेवरच्या फोटोपुढे उभे राहिले. ज्या माणसापुढे लहानपणापासून रोज नमस्कार केला, त्याच्याकडे ते पहिल्यांदा बघत होते.

बाहेर येऊन ह्यांनी पाकिटातून निगेटिव्हची पट्टी काढली, खिडकीच्या उजेडात धरली. मीही मागून बघितलं. शेवटच्या चौकोनात सगळं दाट काळं होतं आणि त्या काळ्यात दोन पांढरे ठिपके.

“डोळे,” मी म्हणाले. “निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं…”

“माहीत आहे मला,” हे म्हणाले. पट्टी वहीत ठेवली, वही पिशवीत टाकली आणि सायकल काढली.

परत आले ते दिवेलागणीला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. “समोर उभा राहून काढून घेतली,” मला म्हणाले. “तो नाही नाहीच म्हणत होता. कागदाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ उजेड द्यावा लागला. चौथ्या खेपेला जमली.” मग वहीतून तळहाताएवढी कॉपी काढून त्यांनी मथूआत्यांच्या हातात दिली. 

त्या कंदिलापाशी सरकल्या. फोटोत बरंच काही हललेलं होतं. पानं नुसती भुरकी झाली होती, पदराच्या जागी पांढरा फराटा होता, मांडीवरच्या कैऱ्यांना शेपट्या फुटल्या होत्या. त्या सगळ्या हलत्या पसाऱ्यात चेहरा तेवढा स्थिर होता, आणि डोळे.

“डावा धुरकट आलाय,” त्या म्हणाल्या.

“तो धुरकटच आहे, आत्या. मोतीबिंदू आहे त्यात.”

“हो ना.” त्यांनी फोटो आणखी जवळ घेतला. “म्हणजे माझाच.”

मग फोटो मांडीवर ठेवून म्हणाल्या, “दिगू, त्यांचा फोटो खाली काढ. आणि शालन, वाटीत कोमट पाणी आण गं. जरा कापूस आण.”

ह्यांनी फोटो उतरवला, मागचे खिळे काढले, काच बाजूला केली. मथूआत्यांनी कापसाचा बोळा भिजवून पिळला.

“कागद फाटेल, आत्या,” हे म्हणाले.

“फाटू दे.”

पण कागद जाड होता. त्यांनी बोळा हलकेच एका डोळ्यावर फिरवला, तापलेल्या पोराचं कपाळ पुसावं तसा. कापसाला काळं लागलं. पुन्हा भिजवला, पुन्हा फिरवला. या वेळी मान दुसरीकडे नव्हती. रंगाखालून आधी एक रेघ आली, मग तिच्याखाली बारीक बारीक केस. मिटलेली पापणी होती. मग दुसरी. त्या दोन काळ्या डोळ्यांखाली तो मुलगा चाळीस वर्षं डोळे मिटून बसलेला होता.

“पापण्या अशाच होत्या,” मथूआत्या म्हणाल्या. “लांब. ह्या मात्र त्यांच्याच.”

ओला कागद सुकेपर्यंत आम्ही तिघं तिथंच बसलो. नंतर ह्यांनी पुण्यामुंबईच्या प्रदर्शनांतले फोटो दाखवायला मला कितीदा नेलं, कितीदा कॅमेरा आपण होऊन माझ्या हातात दिला. त्या संध्याकाळी मात्र हे नुसते वाटी धरून बसले होते.

काच बसवून फोटो पुन्हा भिंतीला गेला. ह्यांनी आणलेल्या मोठ्या चौकटीतून ते रंगवलेले डोळे काढून मथूआत्यांनी तिच्यात आपली तळहाताएवढी कॉपी बसवायला सांगितली आणि ती चौकट त्यांच्या शेजारी लावून घेतली. मग त्या मागे सरकल्या, दोन्हींकडे नीट बघितलं आणि पदर सारखा केला.

“निजा आता,” त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. “मी जागी आहे.”